राजगृहातला फोटो आणि रमाई

आज मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एका घराविषयी बोलू या. त्या घराचं नाव राजगृह. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बांधून घेतलं आणि मगधाच्या जुन्या राजधानीचं नाव त्याला दिलं. आपल्यातल्या कितीतरी जणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातात, तेव्हा वाट वाकडी करून राजगृहही बघून येतात. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत, जुने फोटो आहेत. हे पुस्तकांसाठी बांधलेलं घर, असं आपण ऐकतो आणि ते खरंच आहे. आम्हाला मात्र आज त्या घरातल्या एका फोटोबद्दल सांगायचंय.

हा फोटो फेब्रुवारी १९३४ चा आहे. डावीकडून मुलगा यशवंत, मग बाबासाहेब, मग रमाई, त्यांच्या थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद. घरचा कुत्रा टॉबीसुद्धा आहे. गटाच्या बैठकीत आम्ही हा फोटो मोबाइलवर फिरवला. बाबासाहेबांना ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही. दोन बायांपैकी रमाई कोणत्या, यावर थोडी वादावादी झाली. दुसरी बाई कोण, ते एकीलाही सांगता आलं नाही. कुत्र्याचं नाव मात्र दोघींना ठाऊक होतं!

रमाईंचं माहेर दापोलीजवळचं वणंद. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले, तेव्हा नातेवाइकांनी पोरांना मुंबईला आणलं. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, तिथेच लग्न लागलं. नवरी नऊ वर्षांच्या आतबाहेरची. पुढे परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वीसेक वर्षं संसार झाला. साहेब शिकायला अमेरिकेला, मग लंडनला, आणि घरी खाणारी तोंडं तेवढीच. रमाई शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या, असं जुनी माणसं सांगतात. गोवऱ्या थापणं म्हणजे काय, ते तुम्हाला समजावून सांगायला नको.

त्या काळात रमाईंची चार लेकरं गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न, तो १९२६ साली. पाचातला एकटा यशवंत राहिला. म्हणून त्या फोटोत एकच मूल दिसतं. आम्ही हे सांगितलं तेव्हा बैठकीत एक म्हातारी आजी म्हणाल्या, “मग त्या फोटोत अजून चौघं आहेत की.” त्यावर कुणी काही बोललं नाही. आजींची स्वतःचीही दोन गेलेली.

फोटो निघाला फेब्रुवारी १९३४ मध्ये. रमाई गेल्या २७ मे १९३५ ला, त्याच राजगृहात. मधे जेमतेम पंधरा महिने. चाळीतली दोन खोल्यांची ओढाताण संपून मोठं घर झालं आणि ते भोगायला एवढेच दिवस मिळाले. बाबासाहेबांनी पुढे पाच-सहा वर्षांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ लिहिला, तो ‘रामू’ला अर्पण केला. घरात ते त्यांना याच नावाने हाक मारायचे. एवढ्या मोठ्या राजकारणाच्या पुस्तकावर पहिलं नाव गोवऱ्या थापलेल्या बाईचं आहे, हे आम्हाला फार मोठं वाटतं.

आज आपण हे सगळं जोडून बघू शकतो, कारण त्या फोटोखाली महिना, साल, जागा आणि प्रत्येकाचं नाव कुणीतरी नोंदून ठेवलं. नाहीतर लक्ष्मीबाई फक्त ‘बाजूला बसलेली बाई’ राहिल्या असत्या. आपल्या घरच्या फोटोंत अशा बाया किती आहेत बघा. बैठकीला सगळ्यांनी घरचे जुने फोटो आणले होते. वाड्याच्या ओसरीवर काढलेला, लग्नातला, जत्रेतल्या पडद्यासमोरचा. पुरुषांची नावं पटापट आली, आडनावासकट. बायांचं विचारलं की “ती आमच्या आजीची जाऊ”, “ती कोपर्डेवाली”, “ती धाकटी”. काही फोटोंत तर बाई दाराआड अर्धीच दिसते.

म्हणून आम्ही एक काम हाती घेतलंय. फोटोच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता लिहायचं. बॉलपेनने लिहू नका, त्याचा वळ पुढे उमटतो आणि शाई फुटते. बाईचं नाव, माहेरचं गाव, घर कुठलं, साधारण साल. नाव आठवत नसेल तर गावातल्या सगळ्यात वयस्क बाईकडे फोटो घेऊन जायचं, आणि जमलं तर या आठवड्यातच. फ्रेममधला फोटो भिंतीला चिकटला असेल, तर ओढू नका. मोबाइलवर, काचेवर उजेड पडणार नाही असा तिरका धरून, त्याचा फोटो काढा आणि नावं वहीत लिहा. गटाची वही आहेच, मागची पानं कोरीच असतात.