भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, मुंबई (१९५९)

सार्वजनिक ठिकाणी भीक मागणे हा अपराध ठरवणारा तत्कालीन मुंबई राज्याचा कायदा. १९४५ च्या बॉम्बे बेगर्स अॅक्टनंतर तो आला, महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि पुढे दिल्लीलाही लावला गेला.

त्यातली भिकेची व्याख्या मुळातून वाचावी अशी आहे. हात पसरणे तर आलेच. पण गाणे, नाच, भविष्यकथन किंवा वस्तू विकण्याच्या निमित्ताने पैसे मागणे, जखम वा व्यंग दाखवणे हेही तीत येते. एवढ्यावर ती थांबत नाही. उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत कोणी रस्त्यावर फिरला किंवा थांबला, तरी तो भिकारी ठरतो. १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी सिग्नलवर कागदी झेंडे विकणारी पोर विक्रेती की भिकारी, स्टेशनबाहेर बोचके उशाशी घेऊन झोपलेला बिगारी मजूर की भिकारी, हे पोलिसाच्या नजरेवर ठरते. फाटके कपडे हाच पुरावा होतो. अटकेला वॉरंट लागत नाही. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षे, वारंवार सापडल्यास १० वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात डांबता येते; मुंबईत असे गृह चेंबूरला आहे. भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला कमाल शिक्षा ३ वर्षे होती.

ज्या मुलखात हा कायदा झाला, तिथे वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले दारोदार फिरूनच जगत. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या पिढ्या पुण्यात होत्या. साईबाबा शिर्डीत घरोघर भिक्षा मागत. सुपातले धान्य झोळीत घालणारीला समोरचा कोण, कुठला, हे ठाऊक असे. सिग्नलला गाडीची काच वर करणाऱ्याला नसते. 'धडधाकट आहेस, काम कर', 'यांच्या टोळ्या असतात' हे बोल या अनोळखीपणातून येतात. मुलांना भिकेला लावणारे आहेतच, पण त्यांच्यासाठी कायद्यात वेगळे आणि कडक कलम आहे. त्यापायी उपाशी माणसाला कोंडण्याचे कारण नाही. कामाचे म्हणाल, तर पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळांबाहेरच्या भिक्षेकऱ्यांवर जागेवर उपचार करून त्यांना कामाला लावतात. अनोळखीपणातला संशय तर जिवावरही उठतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले.

त्यानंतर सव्वा महिन्याने, ८ ऑगस्ट २०१८ रोजी, न्या. गीता मित्तल व न्या. सी. हरी शंकर यांच्या दिल्ली उच्च न्यायालयातील खंडपीठाने या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. माणसाला पोटभर अन्न देता न आलेल्या राज्यसंस्थेने त्याच्या भुकेलाच गुन्हा म्हणू नये, ही भूमिका न्याय्यच होती. मात्र निकाल दिल्लीपुरता राहिला. जुलै २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेघरांनीही देशासाठी काम केले पाहिजे, सगळेच सरकारने पुरवायचे नाही, असे म्हटले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मात्र रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला. दारिद्र्य नसते तर कोणी भीक मागितली नसती, असे त्याचे म्हणणे होते.

प्रशासन अजून हटवण्याच्याच बाजूने आहे. मार्च २०२३ मध्ये नागपूरच्या पोलीस आयुक्तांनी शहरात भीक मागण्यास मनाई केली. इंदूरमध्ये १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवला जाऊ लागला.