यंत्रांची मोडी कोणी वाचली? ‘सांबा’ची कथा

१/१६
मोडी दफ्तर हाताळणाऱ्यास हा अनुभव परिचित असतो: कागद समोर आहे, शाई शाबूत आहे, पण लिपी येत नसेल तर तो कागद असून नसल्यासारखा. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रभर मोडी वाचकांची शोधाशोध करावी लागली. संगणकांच्या जगातही असाच एक पेच निर्माण झाला होता. हा धागा त्याविषयी.

२/१६
आज राहात्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या पतसंस्थेत चार-पाच संगणक आणि एक प्रिंटर असतो. कोणत्याही टेबलावरून पावती छापता येते आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. मात्र निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालणारी यंत्रे एकमेकांची फाइल उघडतात आणि एकमेकांचा प्रिंटर वापरतात, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही.

३/१६
१९८० च्या दशकाच्या आरंभी आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’ (एसएमबी) हा प्रोटोकॉल रचला. प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांच्या संभाषणाचे नियम: एकाने फाइल मागायची कशी, दुसऱ्याने ओळख विचारायची कशी, नकार द्यायचा कसा. पुढे मायक्रोसॉफ्टने तो स्वीकारून त्यात मोठी भर घातली.

४/१६
विंडोज घरोघरी आणि कचेऱ्यांत पोहोचले, तसे हेच संभाषण सर्वत्र रूढ झाले. विद्यापीठांतील यंत्रे बहुधा युनिक्सवर चालत. नव्या भरीचा संपूर्ण तपशील मात्र खुला नव्हता. ज्याच्या हाती नियम, त्याच्याच हाती बाजार: कचेरीत विंडोजचे संगणक असले, की मधला सर्व्हरही त्याच कंपनीचा घेणे सोयीचे ठरे.

५/१६
डिसेंबर १९९१. स्थळ: कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी. अँड्र्यू ट्रिजेल हा पीएच.डी.चा विद्यार्थी. त्याच्या टेबलावर डॉस चालवणारा संगणक होता आणि विभागात युनिक्सची यंत्रे. डिजिटल कंपनीचे ‘पाथवर्क्स’ हे सॉफ्टवेअर फाइली पुरवते कसे, हे समजून घेऊन त्याने तेच काम करणारा स्वतःचा सर्व्हर लिहायला घेतला.

६/१६
त्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. दुसऱ्याचा सोर्स कोड त्याने पाहिला नाही. तारेवरून जाणारी पॅकेटे तो टिपत गेला. पुढे या पद्धतीला त्याने फ्रेंच कॅफेची उपमा दिली: भाषा येत नसताना कोपऱ्यात बसा; गिऱ्हाईक काय बोलते आणि वेटर काय आणून ठेवतो ते पाहा; मग तोच शब्द स्वतः उच्चारून पाहा.

७/१६
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे जेम्स प्रिन्सेप आठवेल. १८३७ साली सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्याने हेरले. हे लेख दानाचे असावेत, म्हणजे ती अक्षरे ‘दानं’ असावीत, असा तर्क त्याने केला आणि ब्राह्मीचे दार उघडले. पुनरावृत्तीतून अर्थाकडे जाण्याची हीच रीत.

८/१६
पण एक महत्त्वाचा भेद आहे. शिलालेख उलट उत्तर देत नाही, सर्व्हर देतो. मुद्दाम चुकीची विनंती पाठवावी, कोणती त्रुटी परत येते ते पाहावे, पुन्हा थोडा बदल करावा. मात्र ब्राह्मी स्थिर होती, तर हा प्रोटोकॉल विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलत होता. वाचकाला लिपीमागे सतत धावावे लागले.

९/१६
१९९२ च्या जानेवारीत पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि नंतर सुमारे दोन वर्षे काम थांबले. पुढे पत्नीचा विंडोज संगणक आपल्या लिनक्स यंत्राला जोडण्याची गरज पडली, तेव्हा आपला जुना कोड येथेही चालतो, हे ट्रिजेलच्या ध्यानात आले. पाथवर्क्ससाठी उलगडलेली भाषा विंडोजचीही होती! १९९३ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले.

१०/१६
नावाची कथा गमतीदार आहे. ‘एसएमबीसर्व्हर’ या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला. १९९४ साली ट्रिजेलने संगणकातील शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले. आलेल्या यादीत ‘सॅमनबेरी’ होते, ‘स्क्रँबल’ होते आणि ‘सांबा’ही. ब्राझीलच्या नृत्याशी या सॉफ्टवेअरचा संबंध एवढाच.

११/१६
सांबाचा परवाना ‘जीपीएल’: कोणीही वापरावे, अभ्यासावे, बदलावे, वाटावे, परंतु बदललेली आवृत्ती वाटताना तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा. राहाता तालुक्यातील प्रवरानगरच्या वाचकाला ही वृत्ती परकी वाटू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास उभा केलेला कारखाना ऊस पिकवणाऱ्यांच्याच मालकीचा होता.

१२/१६
तुलना येथेच थांबवावी लागते. सहकारात भाग घेऊन सभासद व्हावे लागते. सांबाला सभासदत्व नाही, फक्त अट आहे. ती अट सर्वांना रुचली नाही. परवान्याची अधिक कडक तिसरी आवृत्ती आल्यावर ॲपलने २०११ साली आपल्या संगणकांतून सांबा काढून स्वतःची व्यवस्था आणली. खुलेपणाचीही किंमत असते.

१३/१६
दरम्यान प्रश्न न्यायालयाच्या दारात पोहोचला होता. १९९८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २००४ च्या मार्चमध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि परस्परसंवादाची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. अपिलात सांबाचे विकासक आयोगाच्या बाजूने उभे राहिले. १७ सप्टेंबर २००७ रोजी निर्णय कायम झाला.

१४/१६
२० डिसेंबर २००७ रोजी करार झाला: एकदाच १०,००० युरो भरून सांबाच्या विकासकांना प्रोटोकॉलची कागदपत्रे मिळाली, आणि त्यांवरून लिहिलेला कोड खुला ठेवण्याची मुभाही. ज्या तपशिलासाठी सोळा वर्षे पॅकेटे टिपली, तो अखेर लेखी हाती आला. पुढल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने अशी हजारो पाने सर्वांसाठी प्रसिद्ध केली. २०११ साली तर त्याच कंपनीने सांबाला कोड दिला.

१५/१६
डिसेंबर २०१२ मधील सांबा ४.० मुळे विंडोजच्या जाळ्यातील वापरकर्ते, त्यांचे पासवर्ड आणि अधिकार सांभाळण्याचे कामही लिनक्स सर्व्हर करू लागला. तरी भाबडेपणा नको. २०१७ च्या मे महिन्यात सांबात एक गंभीर सुरक्षादोष सापडला. तो २०१० पासून, सात वर्षे, खुल्या कोडमध्ये सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. कोड खुला असणे म्हणजे कोणीतरी तो वाचत असणे नव्हे.

१६/१६
मोडीचे वाचक कमी झाले तरी शिकवणारे उरले, म्हणून ती दफ्तरे आजही बोलतात. आपल्या पतसंस्थांची, ग्रामपंचायतींची, कारखान्यांची नोंदवही आता संगणकात आहे. ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली जाते, त्याचे नियम कुठे लिहून ठेवलेले आहेत का? कंपनी बंद पडली, तर पन्नास वर्षांनी ती नोंद कोण उघडणार? आपल्या गावच्या संस्थेत हा प्रश्न एकदा विचारून पाहा आणि काय उत्तर मिळते ते खाली लिहा.