मृत माशाची गती : सागरी आमिष-बांधणीच्या इतिहासाविषयी एक टिपण

संस्कृतातील 'आमिष' या शब्दाचा जुना अर्थ मांस असा असून 'निरामिष' या शब्दात तो अद्याप टिकून आहे. गळास लावावयाचे खाद्य आणि पुढे प्रलोभन, हे अर्थ त्यास जोडले गेले. तथापि चालत्या नौकेमागे आमिष ओढीत नेण्याच्या पद्धतीत, म्हणजे ट्रोलिंगमध्ये, केवळ मांस पुरेसे होत नाही. तेथे मेलेला मासा जिवंत माशाप्रमाणे पोहताना दिसावा लागतो. ही गती त्यास कोणी व कशी दिली, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील कॅटलिना बेटाजवळ चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने १८९८ साली १८३ पौंड वजनाचा ट्यूना काठी व रिळाच्या साहाय्याने पकडला आणि त्याच वर्षी ॲव्हलॉन येथे 'ट्यूना क्लब' स्थापन झाला. तेथील प्रमुख आमिष म्हणजे उडता मासा. परंतु ट्यूना नौकेस बुजतो. तेव्हा जॉर्ज फार्न्सवर्थ या नौकाचालकाने १९०९ च्या सुमारास पतंगाचा उपयोग केला. गळाची दोरी पतंगास अडकविल्याने आमिष नौकेपासून दूर, तिच्या मागील फेसाळ पाण्याच्या बाहेर राही, आणि पतंगाच्या हिसक्यांसरशी पाण्यावर टप्पे घेत जाई. उडत्या माशाची स्वाभाविक चाल अशा रीतीने साधली गेली.

पतंगाने मासे धरण्याची रीत सॉलोमन बेटांत व इंडोनेशियाच्या द्वीपसमूहातही आढळते. तेथे पानाच्या पतंगाखाली कोळ्याच्या जाळ्याचा पुंजका सोडतात. गळ नसतोच, माशाचे दात त्या तंतूंत अडकतात. हेन्री बाल्फोर याने १९१३ साली या रीतीच्या प्रसारावर निबंध लिहिला. मात्र एवढ्या साम्यावरून फार्न्सवर्थने ती तेथून उचलली असे अनुमान काढणे योग्य नव्हे. दोन भाषांतील शब्द सारखे दिसले म्हणून ते एका कुळाचे ठरत नाहीत. गरज समान असली की उपायही समान निघू शकतो.

अटलांटिकच्या बाजूस, फ्लॉरिडात, हाच प्रश्न सुई-दोऱ्याने सुटला. आपल्याकडील बोयच्या जातीचा मलेट घेऊन त्याचा कणा काढतात, गळ आत बसवितात व पोट शिवून टाकतात. कण्याचा ताठरपणा गेला की शरीर लवचिकपणे हलते. खालचा जबडा चोचीसारखा लांब असलेला 'बॅलिहू' बांधताना प्रथम तो हातात वाकवून कणा सैल करतात. गळ कल्ल्याखालून घालून पोटाच्या बरोबर मध्यरेषेवर बाहेर काढतात आणि चोच बारीक तारेने मुख्य तारेशी आवळतात. ओढ नाकाशीच यावी लागते. गळावर आली किंवा गळ तसूभर बाजूस गेला, तर मासा भोवऱ्यासारखा फिरू लागतो, दोरीस पीळ पडतो आणि शिकार फसते.

'बॅलिहू' हे नाव अमेरिकेतील स्पॅनिशमधील 'बालाहू' यावरून इंग्रजीत आले. जाहिरातीचा गलबला या अर्थी इंग्रजीत त्याच रूपाचा दुसरा शब्द आहे. त्याची व्युत्पत्ती निर्विवाद नाही व माशाशी त्याचा संबंध लावण्यास आधार नाही. माशाचे नाव मात्र ते आमिष कोणत्या समुद्रातील कोळ्यांच्या परिचयाचे होते, हे स्पष्ट सांगते.

१९१३ साली डब्ल्यू. सी. बॉशेन याने ३५५ पौंडांचा तलवारमासा काठी व रिळाने पकडला. या प्रकारे धरलेला तो पहिलाच होय. नौका चालविणारा फार्न्सवर्थ होता. विक्रम बॉशेनच्या नावे राहिला. अशा नोंदींत माशाचे वजन व काठी धरणाऱ्याचे नाव येते. टाका कोणी घातला, कणा कोणी सैल केला, हे येत नाही. त्या हातांचा इतिहास लिहावयाचा तर साधन उरते ते त्यांच्या शब्दांचे व गाठींचे. क्लबांच्या दप्तरांइतक्याच काळजीने ते टिपले गेले पाहिजेत, कारण कागदावर नसलेली विद्या ती जाणणाऱ्या हातांबरोबरच नष्ट होते.