हाकेला ओ

नदीच्या पलीकडच्या काठावरून तरीवाल्याला हाक घालणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडतो आणि मग कान देऊन उभा राहतो. ओरडायला क्षण पुरतो. उभे राहणे लांबते. अलीकडून ‘ओ’ आली की मगच तो डोक्यावरचे बोचके खाली ठेवतो. हाक पोहोचली एवढ्याने त्याचे भागत नाही; ती पोहोचल्याचे त्याला कळावे लागते.

विमानविद्येचा इतिहास लिहिणारे उंचीचे, वेगाचे आणि अंतराचे विक्रम मांडतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या इतिहासात दुसरेच एक सूत्र दिसत आले आहे. आभाळात गेलेल्या माणसाची हाक खाली केव्हा पोहोचू लागली, आणि खालच्यांची ओ त्याला केव्हा मिळू लागली? आज विमानात बसलेला उतारू खिशातला मोबाईल किंवा मांडीवरचा टॅब्लेट उघडतो आणि ‘रेंज आहे का’ म्हणून पाहतो. त्या दोन अक्षरांमागे शंभराहून अधिक वर्षांची खटपट आहे, आणि त्या खटपटीत काही माणसांचे प्राणही गेले आहेत.

आरंभ मोठा गंमतीचा झाला. 1910 सालच्या ऑक्टोबरात वॉल्टर वेलमन नावाचा धाडसी अमेरिकन ‘अमेरिका’ नावाच्या हवाई जहाजातून अटलांटिक ओलांडायला निघाला. जहाजात बिनतारी यंत्र होते, ते चालवणारा जॅक आयर्विन होता आणि एक मांजर होते. जमीन सुटताच त्या मांजराने असा काही आकांत मांडला, की आयर्विनला पहिला संदेश त्यासाठीच धाडावा लागला : या, आणि हे मांजर घेऊन जा! खाली समुद्र खवळलेला असल्यामुळे ते काही जमले नाही. मांजर जहाजातच राहिले. पुढे इंजिने बिघडली, जहाज वाऱ्यावर भरकटले आणि तिसऱ्या दिवशी ‘ट्रेंट’ या आगबोटीने सगळ्यांना, मांजरासकट, वाचवले. त्याच वर्षी 27 ऑगस्टला न्यूयॉर्कजवळच्या शीप्सहेड बे येथे मॅकर्डी या वैमानिकाने खऱ्याखुऱ्या विमानातून बिनतारी संदेश खाली पाठवला होता. संदेशाची कळ त्याच्या सुकाणूच्या चाकालाच बसवलेली होती.

परंतु ही सारी हाकच होती. पहिल्या महायुद्धात तोफांचे गोळे कोठे पडतात हे पाहायला विमाने वर जात आणि बिनतारी यंत्राने खाली कळवत. शंभर फुटांहून लांब तार, टोकाला शिशाचे वजन, अशी ती आकाशतार विमानाच्या पोटाखाली लोंबकळत असे. वैमानिक खाली सांगू शके. खालचे त्याला काही सांगू शकत नसत. ग्रहण करणारे यंत्र जड होते, आणि इंजिनाच्या गडगडाटात क्षीण टकटक ऐकू येणे कठीण होते. मग तोफखान्याचे लोक जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या पसरीत. पट्ट्यांची एक आकृती म्हणजे ‘समजले’, दुसरी म्हणजे ‘थांब’. वरून विजेच्या लहरी येत होत्या आणि खालून उत्तरादाखल कापडाचे तुकडे दाखवले जात होते! विज्ञान पुढे गेले तरी त्याचा एक पाय बराच काळ मागे राहतो, याचे हे चित्र मला नेहमी आठवते.

आपल्याकडची गोष्ट याहून साधी. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले आणि जुहूच्या मैदानावर उतरले. बरोबर टपालाची थैली होती. बिनतारी यंत्र नव्हते. वाट दाखवणारे कसलेच साधन ना विमानात होते ना जमिनीवर. सकाळी कराची सोडली ती दुपारी जुहू गाठले, आणि मधल्या काळात अहमदाबादचा थांबा सोडला तर त्या तरुणाचे काय झाले हे पृथ्वीवर कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. जुहूला वाट पाहणाऱ्यांना आभाळाकडे डोळे लावण्यापलीकडे काही करता येण्यासारखे नव्हते. आज त्याच विमानसेवेचा वारसा सांगणाऱ्या कंपनीच्या विमानात इंटरनेट मिळते. पण त्याकडे मी पुढे येतो.

ओ न मिळण्याचे दुःख काय असते हे 1937 सालच्या जुलैत कळले. अमेलिया एअरहार्ट ही विख्यात वैमानिक, सोबत मार्गदर्शक फ्रेड नूनन, अशी दोघे न्यू गिनीतल्या ले या गावाहून पॅसिफिकमधल्या हाऊलंड बेटाकडे निघाली. अंतर चार हजार किलोमीटरांवर, आणि बेट म्हणजे अडीच किलोमीटर लांबीची वाळूची चिंधी. बेटापाशी ‘इटास्का’ हे अमेरिकन जहाज तिची वाट पाहत होते. तिचा आवाज जहाजावर स्वच्छ येत होता, शेवटी शेवटी तर अगदी जवळ आल्यासारखा. जहाजाचे शब्द मात्र तिच्यापर्यंत जात नव्हते. एकदाच संकेत ऐकू आल्याचे तिने कळवले. पण त्यावरून दिशा काढता आली नाही. ती बोलत होती, ते ऐकत होते, ते ओरडत होते, आणि ती ऐकत नव्हती. मग तिचा आवाजही थांबला. विमान सापडले नाही.

पुढे दुसरे महायुद्ध झाले, यंत्रे हलकी झाली, आणि वैमानिकाला जमिनीशी सहज बोलता येऊ लागले. पण वैमानिकाच्या पाठीमागे बसलेल्या शे-दोनशे माणसांचे काय? ती मुकीच राहिली. त्यांच्यासाठी जॉन गोकेन या अमेरिकन उद्योजकाने ‘एअरफोन’ काढला. 1984 पासून तो अमेरिकन विमानांत दिसू लागला. पैशाचे कार्ड घालायचे आणि बोलायचे. जमिनीवर त्यासाठी खास केंद्रे होती आणि त्यांच्या आकाशतारा वरच्या बाजूला पाहणाऱ्या होत्या. दर जबर होता, आवाज खरखरीत होता, आणि बरेचसे उतारू समोरच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या त्या फोनकडे नुसते पाहून डोळे मिटून घेत.

तोवर खिशातला मोबाईल आला होता. इथे मला आमच्या सातवीच्या वर्गातला एक प्रश्न आठवतो. एका मुलीने विचारले, “सर, विमान तर टॉवरच्या डोक्यावरूनच जातं. मध्ये झाड नाही, भिंत नाही. मग वर रेंज जास्त मिळायला नको का?” प्रश्न शहाणा होता. उत्तर असे, की टॉवर हा रस्त्यावरच्या दिव्यासारखा असतो. दिव्यावर जशी टोपी असते आणि उजेड खालीच पडतो, तशा टॉवरच्या लहरी जमिनीकडे कललेल्या असतात; वर जाते ते सांडलेले. शिवाय विमानाचे अंग धातूचे, आणि वेग सेकंदाला अडीचशे मीटर. एका टॉवरशी ओळख होते न होते तोच तो मागे पडतो.

पण खरी अडचण उलटीच होती. दहा किलोमीटर उंचीवरून चहूकडची सुमारे साडेतीनशे किलोमीटरपर्यंतची जमीन नजरेच्या टप्प्यात येते. मोबाईलची सारी व्यवस्था एका विश्वासावर उभी आहे : या गावच्या टॉवरची लहर दूरच्या गावाला ऐकू जाणार नाही, म्हणून तीच लहर तिथे पुन्हा वापरता येते. वर गेलेला फोन एकाच हाकेने शंभर गावचे कोतवाल जागे करतो, आणि कोणी ओ द्यायची हे कोणालाच कळत नाही. म्हणून 1991 साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने उडत्या विमानात मोबाईल वापरण्यास बंदी घातली. विमानाच्या उपकरणांत व्यत्यय येईल ही भीती होतीच; पण या बंदीच्या मुळाशी जमिनीवरच्या जाळ्याची काळजी होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

आणि मग 2001 सालची 11 सप्टेंबरची सकाळ आली. न्यूअर्कहून सुटलेले युनायटेड कंपनीचे 93 क्रमांकाचे विमान साडेनऊच्या सुमारास चार अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतले. मागच्या बाजूला कोंडलेल्या उतारूंनी आणि कर्मचाऱ्यांनी घरी फोन लावले. बहुतेक फोन त्या खुर्चीच्या पाठीवरच्या महागड्या, खरखरीत यंत्रांवरून झाले. मोबाईलवरून लागले ते अगदी थोडे, विमान बरेच खाली आल्यावर. उतारूंना वाटत होते तसे हे अपहरण नेहमीचे नव्हते. पैसे मागतील, कोठेतरी उतरवतील, सोडतील, अशी आशा करायला जागा नव्हती. न्यूयॉर्कच्या दोन मनोऱ्यांवर विमाने आदळली आहेत ही बातमी त्यांना जमिनीवरून कळली. ती सांगणारी त्यांच्याच घरची माणसे होती.

त्या घरच्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणाची पत्नी होती, कोणाची आई होती. घाबरू नकोस, सारे ठीक होईल, एवढेच सांगून फोन ठेवणे त्यांना सोपे होते. आजारी माणसाच्या उशाशी बसून आपण असे शेकडो वेळा बोलतो, आणि त्यात पाप आहे असे मला वाटत नाही. पण त्या सकाळी त्यांनी जे घडले ते सांगितले. ते ऐकून वरच्या लोकांनी आपसांत विचार केला आणि ते उठले. दहा वाजून तीन मिनिटांनी ते विमान पेनसिल्व्हेनियातल्या शँक्सव्हिलजवळच्या मोकळ्या रानात कोसळले. वॉशिंग्टन तेथून वीस मिनिटांच्या अंतरावर होते. अपहरणकर्ते वगळता विमानात चाळीस माणसे होती. त्यांतले एकही वाचले नाही. वॉशिंग्टनमधली किती वाचली ते मोजता येणार नाही.

रेंज नसती तर काय झाले असते, हा प्रश्न त्या दिवसापासून कोणी हसण्यावारी नेत नाही. 8 मार्च 2014 च्या पहाटे क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशियाचे एमएच 370 हे विमान 239 माणसांसह नाहीसे झाले. त्यांत पाच भारतीय होते, मुंबईचे होते, पुण्याचे होते. शेवटचे शब्द ऐकू आले ते 1 वाजून 19 मिनिटांनी. विमान वळून पुन्हा द्वीपकल्पावरून मागे गेले, आणि 1 वाजून 52 मिनिटांनी पेनांगच्या एका टॉवरला सहवैमानिकाचा मोबाईल क्षणभर लागला. बोलणे नाही, संदेश नाही. सरकारी तपासाच्या अहवालात त्याची एका ओळीची नोंद आहे. फोनने ‘मी आहे’ म्हटले, टॉवरने ऐकले, आणि त्या वेळी ते वाचायला कोणी जागे नव्हते. त्यानंतर विमानातले उपग्रहाशी जोडलेले यंत्र थोड्याथोड्या वेळाने आपण चालू असल्याची खूण देत राहिले, ती सकाळी 8 वाजून 19 मिनिटांपर्यंत. साऱ्या जगाने शोध केला तो पुढे त्या खुणांच्या आधारावर. मग नियम झाला, आणि 2018 सालापासून मोठ्या विमानांचा ठावठिकाणा निदान दर पंधरा मिनिटांनी कळत राहावा असे ठरले.

दरम्यान उतारूच्या खिशातल्या फोनचा प्रश्नही सुटला, आणि तोही मोठ्या साध्या युक्तीने. फोनची हाक जमिनीपर्यंत जाऊच द्यायची नाही. विमानातच एक चिमुकला टॉवर बसवायचा; तो जवळच असल्यामुळे फोनला ओरडावे लागत नाही, कुजबुजले तरी भागते. तिथून पुढचे काम विमानाच्या पाठीवरची आकाशतार करते. ती उपग्रहाशी बोलते, आणि उपग्रह जमिनीशी. 20 मार्च 2008 रोजी एमिरेट्सच्या दुबईहून कॅसाब्लांकाला जाणाऱ्या विमानात असे फोन सुरू झाले. जुने उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरांवर. प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागे. आताचे नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास फिरतात, आणि ओ जवळजवळ लगेच येते.

आपल्या सरकारने 2018 साली यासाठी नियम केले. विमान तीन हजार मीटरांवर गेले की ही सोय चालू करता येते. 1 जानेवारी 2025 पासून एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरच्या काही विमानांत इंटरनेट देऊ केले. 1932 साली जुहूच्या मैदानावर उतरलेली ती टपालाची थैली याच घराण्याची. मधल्या काळात सरकारने 1953 साली कंपनी ताब्यात घेतली होती आणि 2022 साली ती पुन्हा टाटांकडे आली. पंचवीसेक किलो पत्रे घेऊन मुक्याने उडणारे विमान, आणि वाटेत हजारो निरोप देणारे-घेणारे विमान, यांच्यामध्ये एका माणसाच्या आयुष्याएवढेच अंतर आहे.

काही रसिक मित्र तक्रार करतात, की आता विमानातही शांतता राहिली नाही; ढगांकडे पाहायचे सोडून लोक पडद्याकडे पाहतात. तक्रार खोटी नाही. ती करणाऱ्यांना बहुधा खाली कोणाची वाट पाहत बसावे लागलेले नसते. माझ्या ओळखीत अशा आया आहेत, ज्यांची मुले परदेशी आहेत आणि ज्या विमान सुटल्यापासून पोहोचेपर्यंत देवासमोरचा दिवा विझू देत नाहीत. मधेच मोबाईलवर ‘आई, जेवलो, झोपतो आता’ एवढे उमटले, तर त्या माउलीला त्या ओळीत कोणत्या ढगाचे सौंदर्य कमी पडणार आहे?

पण रेंज आली म्हणजे सारे आले असे नव्हे. यंत्र हाक पोहोचवील, उत्तर आणून देईल. उत्तरात काय असावे हे ते सांगणार नाही. शँक्सव्हिलच्या आभाळात ती जुनाट यंत्रे खरखरत होती, आणि त्यांवरून आलेले खरे बोल चाळीस माणसांना पुरले. आज आमच्या हातातली यंत्रे खरखरत नाहीत. खालून विचारणाऱ्याला आणि वरून ऐकणाऱ्याला आपण जे सांगतो ते तितके खरे असते का, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी मांडावा.