तळटीप: ४,२९,४९,६७,२९७

मजकुरात आलेली ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. याच साच्यातल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्या आहेत. म्हणून हीदेखील मूळच असणार, असे फर्माने मानले.

१७३२ मध्ये ऑयलरने ती फोडली: ६४१ × ६७,००,४१७.

खरे सौंदर्य ६४१ पर्यंतच्या वाटेत आहे. हिच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले, तर बाकी १ च उरते, हे ऑयलरनेच पुढे सिद्ध केले. या एका अटीने शंभरावर मूळ संख्या गळून पडतात. उरतात १९३, २५७, ४४९, ५७७. आणि पाचव्याच भागाकाराला यश! वाचकांनी तो कागदावर जरूर करून पाहावा. फर्माच्या नजरेतून हे निसटले, याचे नवल वाटते.

६५,५३७ नंतर या साच्यातली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.