चलच्चित्र वाचण्याची विद्या आणि चांद्याकडील शाळा

जुना कागद हातीं आला म्हणजे तो कोणाच्या हातचा, कोणत्या सालचा, अस्सल कीं नक्कल, मध्यें कोणी चार ओळी घुसडल्या आहेत कीं काय, हे प्रश्न आपण सवयीनेंच विचारतों. चित्रपटाच्या फितीला हेच प्रश्न लावावयास आपल्याकडील अभ्यासक फार उशिरां लागले; आणि शाळेंतील मुलांना ते लावावयास शिकवावें, हें तर अजून थोड्यांच्याच मनांत आलें आहे. चित्रपट पाहण्याचें शिक्षण ही पुण्यांत १९६० नंतर सुरू झालेली, बाहेरून आलेली गोष्ट आहे असा सर्वसाधारण समज दिसतो. तो बरोबर नाहीं असें दाखविण्याचा, आणि चांदा व गडचिरोली या अरण्यप्रदेशाशीं त्या शिक्षणाचा संबंध काय येतो हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊं. दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चार रिळांचा पट ३ मे १९१३ रोजीं, म्हणजे शके १८३५ त, मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांसाठीं लागला. त्या नांवाचीं पहिलें व अखेरचें अशीं दोन रिळें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आहेत. अनेक पुस्तकांतून त्यांतील चित्रें ‘१९१३’ असा शेरा मारून छापलीं जातात. परंतु हीं रिळें मूळ पटाचीं नसून फाळक्यांनींच १९१७ त नव्यानें केलेल्या पटाचीं होत, असें आतां बहुतेक चित्रपटेतिहासकार मानतात. आपल्या व्यवहारांतला दृष्टान्त द्यावयाचा तर, एखाद्या लेखकानें आपलीच बखर चार वर्षांनीं पुन्हां लिहून काढावी, पहिली प्रत नाहींशी व्हावी, आणि दुसरीलाच पुढच्यांनीं पहिली म्हणून पुजावें, तशांतला हा प्रकार आहे. नक्कल येथें मूळ लेखकाच्याच हातची आहे म्हणून तिचें मोल कमी होत नाहीं; पण तिच्यावरून १९१३ सालच्या पटाविषयीं विधानें करतां येत नाहींत. ही गोष्ट आठवीनववीच्या मुलालाहि समजण्यासारखी आहे, आणि ती समजली म्हणजे पुराव्याचा पहिला धडा त्याचा झाला.

मूकपटांच्या काळांत या देशांत तेराशेंहून अधिक पट झाले असें धरतात. त्यांपैकीं आज तिसांच्या आंतबाहेरच उरले आहेत, व त्यांतलेहि कित्येक तुटक. उरलेल्यांतलें कांहीं ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यास प्रभातच्या जुन्या आवारांत नायट्रेट फितींना लागलेल्या आगींत गेलें. ताडपत्राला कसर लागते, कागदाला वाळवी लागते; ही फीत मात्र आपल्या अंगच्याच रसायनानें कुजते आणि पेटते.

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. फाळक्यांना लोक आद्य चित्रपटकार म्हणतात. पण ते आद्य चित्रपट-शिक्षकहि होते याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. मुंबईची जे. जे. कलाशाळा, मग बडोद्याचें कलाभवन, पुढें पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार व नकाशेकार म्हणून नोकरी, त्यानंतर छापखाना, अशी त्यांची सारी उमेदवारी प्रत तयार करण्याच्या निरनिराळ्या रीतींतच झाली. १९१२ त ते विलायतेस गेले. तेथें सेसिल हेपवर्थ यांच्या कारखान्यांत काम कसें चालतें तें त्यांनीं पाहिलें व यंत्रसामग्री घेऊन परत आले. भांडवल उभें करण्यासाठीं त्यांनीं जो पहिला लहानसा पट केला, त्यांत कुंडींत पेरलेल्या वाटाण्याला कोंब फुटून त्याचा वेल होईपर्यंतचीं चित्रें रोज थोडथोडीं घेतलेलीं होतीं. महिन्याभराची वाढ त्यामुळें क्षणार्धांत डोळ्यांपुढें येई. त्यांत कथा नाहीं, देव नाहीं, नट नाहीं. चलच्चित्र काळाचें काय करतें तेवढेंच त्यांत दाखविलें आहे. या विषयाचें पहिलें पाठ्यपुस्तक कोणी विचारलें तर आम्ही या कुंडीकडेच बोट दाखवूं.

याहून स्पष्ट पुरावा पुढचा आहे. १९१७ त फाळक्यांनीं ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नांवाचा एक पट केला. त्याचा कांहीं भाग शिल्लक आहे. त्यांत ते स्वतः नटांना शिकवितांना व फीत तपासतांना दिसतात. ‘लंकादहन’ याच सालचा. म्हणजे ज्या वर्षीं प्रेक्षक पडद्यावरच्या मारुतीला भुलत होते, त्याच वर्षीं तो मारुति कसा उडतो हें सांगावयास त्यांचा निर्माता तयार होता. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकांत त्यांनीं आपल्या धंद्याविषयीं लेख लिहिले. १९१९ च्या ‘कालिया मर्दना’चा आरंभ तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी प्रथम आपल्या मूळ रूपांत येते, मुद्रेवर एकामागून एक भाव आणून दाखविते, आणि मग कृष्ण होते. शाळकरी वयाची मुलगी देव कशी होते, हें आधीं दाखवून मग देवाची कथा सांगावयाची, हा क्रम सहज घडलेला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ही सारी आपल्या कारखान्याची जाहिरात होती. असेलहि. फाळके धंदा करीत होते, आणि पैशाची ओढाताण त्यांना जन्मभर पुरली. तथापि जाहिरात करणारा बहुधा आपली युक्ति झांकून ठेवतो. येथें ती उघडी करून दाखविली आहे. हेतु जाहिरातीचा असला तरी फळ शिक्षणाचें होतें, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

फाळक्यांच्या आधींहि ही परंपरा थोडी मागें जाते. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ त ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें कंदिलाचे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें, एकाहून अधिक दिवे, आणि चित्रें झपाझप बदलून साधलेला हालचालीचा भास, असें त्याचें स्वरूप होतें. सोबत निवेदन असे. शंबरासुराची माया ती शांबरी. खेळ करणारानें आपल्या खेळाला ‘माया’ हें नांव स्वतःच द्यावें, यांतच प्रेक्षकाला सावध केल्यासारखें आहे. ज्यांच्या संग्रहीं अशा रंगविलेल्या कांचा असतील त्यांनीं त्या देवादिकांच्या तसबिरी समजून चौकटींत बसवूं नयेत. त्यांचा अनुक्रम हाच त्यांचा अर्थ आहे, व तो एकदां मोडला कीं पुन्हां जुळत नाहीं.

मग ही विद्या शाळेंत कां गेली नाहीं? याचें एक कारण चांद्याच्या शेजारींच सांपडतें. १९२७ त सरकारनें नेमलेल्या चित्रपट-चौकशी समितीनें प्रश्नावली धाडली तेव्हां महात्मा गांधींनीं, आपण सिनेमाला कधीं गेलों नाहीं, पण त्यानें केलेली हानि उघड दिसते, अशा आशयाचें उत्तर पाठविलें. दहा वर्षांनीं, ऑक्टोबर १९३७ त, वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली तीतून नई तालीम निघाली. तिच्या अभ्यासक्रमांत सूत होतें, चित्रकला होती, संगीत होतें, चलच्चित्र नव्हतें. चांदा जिल्हा त्या वेळीं मध्यप्रांतांत होता, आणि त्या प्रांतांतील शिक्षणाच्या विचारावर वर्ध्याची छाया पडणें स्वाभाविकच होतें. गांधींचा आक्षेप मुळींच पोकळ होता असें नव्हे. पण वस्तु वाईट म्हणून तिची परीक्षा शिकवावयाची नाहीं, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. खोट्या सनदा फार झाल्या म्हणून कोणी सनदा वाचणें सोडीत नाहीं.

स्वातंत्र्यानंतरची हकीकत बहुतेकांस ठाऊक असल्यानें थोडक्यांत देतों. स. का. पाटील समितीचा अहवाल १९५१ त आला. १९५५ त बालचित्रपट संस्था निघाली, आणि त्याच वर्षाअखेर मारी सेटन या बाई हिंदुस्थानांत येऊन चित्रपटाच्या रसग्रहणावर व्याख्यानें देऊं लागल्या. १९६० त प्रभातच्या आवारांत चित्रपट संस्था व १९६४ त संग्रहालय स्थापन झालें. आग्र्यास अर्थशास्त्र शिकविणारे सतीश बहादूर १९६३ त पुण्यास आले, आणि ‘पथेर पांचाली’चें प्रसंगवार वाचन करून त्यांनीं एक पिढी तयार केली. त्यांची रीत टीकाकाराच्या पदच्छेदासारखी होती: आधीं काय दिसतें, मग तें कोणत्या क्रमानें दिसतें, आणि सर्वांत शेवटीं त्याचा अर्थ. मात्र हें सारें प्रौढांसाठीं व शहरासाठीं होतें. शाळांसाठीं म्हणून १९८४ त पुण्यास ‘बालचित्रवाणी’ निघाली व २०१७ त बंद झाली. तिनें चित्रांच्या साहाय्यानें भूगोल, गणित शिकविलें. चित्र हाच विषय करून शिकविणें हें निराळें काम आहे, व दोहोंचा घोटाळा अजून होतो.

आतां चांद्याकडे येतों. १९६४ त चांद्याचें चंद्रपूर झालें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतून गडचिरोली जिल्हा निराळा निघाला. वैनगंगेकडील झाडीपट्टींत भाताचीं पिकें घरांत आलीं कीं नाटकांचा हंगाम लागतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हें त्या मंडळ्यांचें ठाणें. त्या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ त पद्मश्री मिळाली, तेव्हां पुण्यामुंबईकडील पुष्कळांनीं झाडीपट्टीचें नांव प्रथमच ऐकलें असावें. दंडार तर त्याहून जुनी. रात्रभर सोंगें पाहून सकाळीं सोंग घेणारालाच बांधावर भेटणारें पोर, रूप आणि रूप घेणारा यांतला भेद न शिकवितां जाणतें. फाळक्यांनीं मंदाकिनीकडून जें मुद्दाम दाखविलें, तें या मुलाला घरबसल्या मिळालेलें आहे. म्हणून पुण्याच्या अभ्यासक्रमाची तशीच नक्कल येथें आणण्यापेक्षां दंडारीपासून आरंभ करून पडद्याकडे जाणें अधिक सोपें, असें आमचें मत आहे.

याची गरज काय, हें शेजारच्या बस्तरांतील एका हकीकतीवरून कळेल. स्वीडनचे आर्ने सुक्सडोर्फ यांनीं नारायणपूरजवळील गढबेंगाल येथील चेंद्रू नांवाच्या मुरिया मुलाला घेऊन एक पट केला. १९५७ त तो प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षीं कानच्या महोत्सवांत गेला. संगीत रविशंकरांचें होतें. वाघाच्या बच्च्याशीं खेळणारा हा मुलगा युरोपांत घरोघर ठाऊक झाला, स्वीडनलाहि जाऊन आला. मग तो गांवीं परतला, आणि २०१३ त गरिबींतच वारला. त्याचें गांव अबूझमाडाच्या कडेला आहे, आणि त्या माडाच्या पश्चिमेस लागूनच गडचिरोलीचा माडिया मुलूख लागतो. या अरण्यांतलें मूल प्रेक्षक होण्याच्या फार आधीं जगापुढें चित्र होऊन गेलें आहे. आपलें चित्र कोणी, कोठें उभें राहून, काय वगळून घेतलें, हें विचारावयाचें साधन त्याच्या हातीं कोणी दिलें नव्हतें.

हेमलकशास १९७३ त लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला व कांहीं वर्षांतच तेथें शाळा निघाली. डॉ. प्रकाश आमटे यांच्यावरचा समृद्धि पोरे यांचा पट २०१४ त आला. त्याचें चित्रण हेमलकशासच झालें. आतां या मुलुखांतील शाळेला शिकवावयास साहित्य हवें तर तें दूर नाहीं. हा पट आणि प्रत्यक्ष हेमलकसा शेजारीं शेजारीं ठेवून, कथेसाठीं काय जुळविलें व काय जसेंच्या तसें राहिलें, तें मुलांनीं नोंदवावें. आपण दोन प्रतींचे पाठभेद मांडतों, तेंच हें काम आहे. माडिया मुलें तें माडियांत करोत वा मराठींत. पाठभेदाला भाषेची अडचण नाहीं.

संग्राहकांस एक विनंति. वडशाच्या मंडळ्यांचीं हस्तपत्रकें, रंगविलेल्या पडद्यांचे तुकडे, नाटकांच्या हस्तलिखित वह्या, खेडोपाडीं फिरणाऱ्या चित्रपटांच्या जाहिराती, यांपैकीं कांहीं आपल्या दप्तरांत असल्यास त्यांची यादी करून ठेवावी. १९५६ पूर्वीचे चांद्याचे कागद मध्यप्रांताच्या दप्तरांत शोधावे लागतात, मुंबईच्या नव्हे, हें ध्यानांत असावें. पत्रकावर वर्ष छापलेलें नसेल तर गांवांतल्या वृद्धांस विचारून पेन्सिलीनें मागें लिहावें, आणि सांगणाराचें वयहि तेथेंच टिपावें.