ताकिजी कोबायाशी: खेकड्यांची बोट आणि कोठडीतील मृत्यू

१/ २० फेब्रुवारी १९३३. टोकियोत दुपारी अटक झालेला २९ वर्षांचा एक कादंबरीकार त्याच संध्याकाळी मरण पावला. त्सुकिजी पोलिसांनी कारण जाहीर केले: हृदयविकार. त्या लेखकाचे नाव ताकिजी कोबायाशी.

२/ जन्म १९०३, अकिता प्रांतातील गरीब शेतकरी कुटुंबात. ताकिजी चार वर्षांचा असताना कुटुंब होक्काइदो बेटावरील ओतारू या बंदरात आले. काकांच्या आधारावर त्याचे वाणिज्य शिक्षण पूर्ण झाले आणि १९२४ मध्ये त्याला बँकेत नोकरी मिळाली. नोकरी सांभाळून तो लिहू लागला.

३/ १५ मार्च १९२८ रोजी शांतता संरक्षण कायद्याखाली देशभरात दीड हजारांहून अधिक कम्युनिस्ट व कामगार कार्यकर्ते पकडले गेले. धरपकडीतून ओतारूही सुटले नाही. तेथील कोठडीतील छळाचे तपशीलवार चित्रण ताकिजीने एका कथेत केले. कथेचे शीर्षक म्हणून त्याने तीच तारीख वापरली.

४/ १९२९ मध्ये ‘कानिकोसेन’ ही कादंबरी ‘सेन्की’ मासिकात आली. कामचात्काच्या समुद्रात खेकडे पकडून जागीच डबाबंद करणाऱ्या बोटीची ही कहाणी. बोट ‘कारखाना’ ठरल्याने तिला जहाजांचे नियम लागू नव्हते, आणि ती समुद्रात असल्याने कारखान्यांचे कायदेही तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. या पळवाटेतच कामगार भरडले जात होते.

५/ कादंबरीला एक नायक नाही. बहुतेक कामगारांना नावेही नाहीत. ते संप करतात. नौदलाची युद्धनौका येताना दिसते, तेव्हा ती आपल्या मदतीला आली असे काहींना वाटते. प्रत्यक्षात नौसैनिक संपाच्या म्होरक्यांनाच पकडून नेतात. राज्यसत्ता कोणाच्या बाजूने उभी आहे, हे त्या क्षणी कामगारांना उमगते.

६/ मासिकाचा तो अंक जप्त झाला. त्याच वर्षी बँकेने ताकिजीला कामावरून काढले. सम्राटाला नजराणा म्हणून जाणाऱ्या खेकड्याच्या डब्यांविषयी एका कामगाराच्या तोंडी घातलेल्या उद्गारांमुळे १९३० मध्ये त्याच्यावर सम्राटाच्या अवमानाचा आरोप ठेवण्यात आला.

७/ १९३१ मध्ये तो बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाला आणि पुढच्या वर्षी भूमिगत झाला. खबऱ्याने दगा दिल्यामुळे तो पकडला गेला. घरी आणलेल्या मृतदेहावर मारहाणीचे ठसठशीत वळ होते. आप्तांनी शवविच्छेदनाची विनंती केली. रुग्णालयांनी ती नाकारली. अंत्यदर्शनास आलेल्यांचीही पोलिसांनी धरपकड केली. पाच वर्षांपूर्वी कथेत जे लिहिले, ते लेखकाच्याच वाट्याला आले.

८/ २००८ मध्ये ‘कानिकोसेन’ची जपानमध्ये अनपेक्षितपणे पाच लाखांहून अधिक प्रतींची विक्री झाली. तिच्या वाचकांत कंत्राटी व तात्पुरत्या नोकऱ्यांवर जगणाऱ्या तरुणांचा मोठा भरणा होता. जवळजवळ ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या बोटीवरील निनावी माणसांत त्यांनी स्वतःला ओळखले.